खाड्याचं बटण

ही गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. तुम्ही म्हणाल, ह्या माणसानं सांगायचं काही शिल्लक ठेवलंय होय? बरोबर आहे तुमचं. शहापुरात माझी ख्याती अशी, की मी नुसतं ‘पाऊस आला’ म्हटलं तरी लोक खिडकीतून हात बाहेर काढून बघतात. आमच्या आक्काची चटणी खाऊन एक पैलवान पाणी शोधत संकेश्वरपर्यंत पळत गेला, असं मी गावभर सांगितलेलं आहे. लोक हसले आणि चटणी घेऊन गेले. असल्या खोट्यानं कुणाचं काही वाकडं होत नाही. पण एक खोटं मी असं बोललो, की त्यावर कुणी हसलंच नाही – विश्वास ठेवला.

आक्का माझी थोरली बहीण. दाजी मागावर साड्या विणतात आणि आक्का कांदा-लसूण चटणी करते. तिखटपणाला संकेश्वरी मिरची, रंगाला ब्याडगी, आणि सगळं डंकावर, म्हणजे कांडपयंत्रावर, कुटलेलं. त्या चटणीचं ऑनलाइन दुकान मी काढून दिलं. नुसतं दुकान नव्हे – सबस्क्रिप्शन. एकदा नाव घातलं की दर महिन्याला बरणी आपोआप घरपोच. हे सगळं मी आक्काला हातवारे करून, अमेरिकेपासून सुरुवात करून समजावलं. ती देठं काढता काढता म्हणाली, “म्हंजे दुधाचा रतीब की रं.”

रतीबच. मी बटणावर तेच लिहिलं – ‘रतीब लावा’. लोकांना ते लई आवडलं. पण आक्कानं लगेच पुढचं विचारलं, “आणि खाडा कुठं धरायचा?”

खाडा तुम्हाला माहीत असेल. गावाला जायचं असलं, घरात सुतक आलं, की गवळ्याला सांगायचं – अमुक दिवस दूध नको. रतीब मोडत नाही, तेवढे दिवस गळतात. आक्काच्या मते खाडा नसलेला रतीब म्हणजे रतीब नव्हे, जबरदस्ती.

आता खरं सांगतो. दुकानाच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये खाड्याची सोय होती. गिऱ्हाइकाला मधे थांबता यावं म्हणून एक चौकोन होता, त्यात टिक आधीच केलेली होती. मी ती काढली. का काढली? पैशासाठी म्हणाल तर नाही. पडद्यावर एक आकडा दिसायचा – थांबलेली गिऱ्हाइकं, शून्य. ते शून्य मी बोरगावपासून खानापूरपर्यंत चहाच्या टपऱ्यांवर मोबाइल काढून दाखवलं होतं. एकदा आक्काची चटणी जिभेला लागली की माणूस सुटत नाही, हा घ्या पुरावा. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या थापेला पुरावा मिळाला होता – तो मी सोडणार होतो?

आक्काला म्हटलं, कंपनी खाडा देत नाही. ती म्हणाली, “असली कसली कंपनी? ऱ्हाऊ दे. लोकं मला फोन करतील, मी तुला सांगीन, तू थांबीव.” ते मला आतून करता येत होतं. दोन बोटांचं काम.

पहिला रतीब सावंतबाईंचा. टिळकवाडीतल्या ह्या बाईंनी आक्काला शाळेत शिकवलेलं, आणि आक्काचं नाव निघालं की ‘माझी सगळ्यात पाठांतराची मुलगी’ म्हणायच्या. एका दुपारी त्यांचा फोन आला. आक्का तिखटानं लाल झालेले हात तसेच घेऊन पडवीत आली नि म्हणाली, “बाईंचा ह्या महिन्याचा खाडा धर. साहेब दवाखान्यात हाईत.”

मी ‘व्हय’ म्हटलं. मोबाइल हातातच होता. पण मग शून्य गेलं असतं. म्हटलं – बरणीच तर आहे, राहील फडताळात. काय बिघडतंय?

बाईंचे यजमान गेले. तिसऱ्या दिवशी घरची माणसं राख सावडून परत आली, आणि दारात आमचं पार्सल. ज्या घरात फोडणीसुद्धा पडत नव्हती, त्या घरात. बरणीवर मी हौसेनं छापलेली चिठ्ठी होती – ‘आता घरात होऊ दे जाळ.’

आक्का भेटायला गेली तेव्हा बाईंच्या सुनेनं ती चिठ्ठी तिच्या पुढ्यात ठेवली. आक्का घरी आली, चप्पल काढायच्या आधी मला विचारलं, “मी तुला सांगितलं हुतं न्हवं?”

तेव्हाच हो म्हणता आलं असतं.

मी म्हटलं, “न्हाय आक्का.” आणि तेवढ्यावर थांबलो नाही. मी गोष्टी सांगणारा माणूस – गोष्ट देठासकट सांगतो. “तू मिरच्या निवडत बसलीवतीस, फोनवर बोललीस, डोळं पुसलंस, आन् परत निवडाय लागलीस. मी समोरच हुतो की.” ती माझ्याकडे बघत राहिली. मी रचलेलं तिला हळूहळू दिसायला लागलं, हे मला तिच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी म्हणाली, “असंल बाबा.”

दुसऱ्या दिवशी जाऊन तिनं बाईंना सांगितलं – मीच इसरले. बाईंनी रतीब मोडला नाही. फोन करणं मात्र बंद केलं.

त्याच आठवड्यात मी टिक परत लावली. आक्काला म्हटलं, कंपनीनं सोय केली. ती म्हणाली, “चांगली हाईत माणसं.”

तेव्हापासून आक्का स्वतःवर भरवसा ठेवत नाही. जिनं कधी वजनकाटा वापरला नाही, ती आता शेजारणीला हाक मारून विचारते, “मीठ घातलं का गं मी?” एकदा तर मीठ दोन वेळा पडलं. मग फोन घेणंही सोडलं – दाजी घेतात.

मागच्या महिन्यात तिनं स्वतःच डॉक्टरांकडं न्यायला सांगितलं. डॉक्टरांनी वार विचारला, नावं विचारली, उलटे आकडे म्हणून घेतले. सगळं बरोबर. काही झालेलं नाही, म्हणाले.

परत येताना टिळकवाडीचं रेल्वे फाटक पडलेलं होतं. मी स्कूटर बंद केली. गाडी यायला वेळ होता. आक्का मागं बसली होती, माझ्या खांद्यावर हात ठेवून.

“डॉक्टर म्हणत्यात काय न्हाय. मग बाईंचं कसं इसरले रं मी?”

मी म्हटलं, “वय झालं की व्हतंय असं, आक्का.”

ती म्हणाली, “व्हय.”