पडद्यातलं मीठ

वडील जिंतूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मिठाच्या पाण्यातून वीज सोडायच्या प्रयोगाला दोन बाजू वेगळ्या ठेवणारा पडदा लागतो. शाळेत तो कधीच नव्हता, म्हणून ते घरीच करायचे. पाइप चिकटवायच्या सोल्युशनमध्ये बारीक दळलेलं मीठ कालवायचं, काचेवर पसरायचं, वाळलं की पाण्यात टाकायचं. मीठ विरघळून निघून जातं आणि प्लॅस्टिकला डोळ्यांना न दिसणारी भोकं राहतात.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. परवा घर आवरताना ती काच सापडली, तर डाव्या हातानं त्यांनी ती छातीशी धरली, सोडेचनात. माझं रसायनशास्त्र चहापुरतं, तरी म्हटलं, यांना एकदा करून दाखवायचंच.

पडदा झाला. तो डब्यात मधोमध बसवला, दोन्हीकडे हळद घातलेलं मिठाचं पाणी, जुन्या सेलमधल्या कांड्या, फवारणी पंपाची बॅटरी. एका बाजूची हळद लाल व्हायला हवी होती. पण एक बुडबुडा येईल तर शपथ. वडील खाटेवरून मिठाच्या बरणीकडे बोट दाखवत राहिले. डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलंय आणि जेवताना ते रोज तिकडंच बोट दाखवतात.

"बरणी आत ठिव," आई म्हणाली. "ह्यायला निस्तं मीठच लागायलंय."

मी बरणी उचलली तसे ते रडायला लागले. मला आईचा, डॉक्टरांचा, माझा स्वतःचा, सगळ्यांचाच राग आला. बरणी धरून उभी राहिले आणि मग डोक्यात उजेड पडला. वर्षभर या घरात मीठ घालताना हात आखडतो. पडद्यातही मी चिमूटभरच घातलं होतं. भोकं पडणार कशी?

दुसऱ्या पडद्यात सढळ हातानं घातलं. दुसऱ्या दिवशी कांड्यांना बुडबुडे धरले, उग्र वास सुटला, खिडक्या उघडल्या. एका बाजूची हळद लालभडक झाली. वडिलांचं अर्धं तोंड हसलं. मला फार बरं वाटलं.

मग आईनं ताट आणलं. वरण अळणी, भाजी अळणी. त्यांनी पुन्हा बरणीकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे पाहिलं. काल हिला कळलं, आजही कळेल, असा भरवसा होता त्या नजरेत. मला कळलं होतं. मी खाली बघून घास कालवत राहिले.