अंगठेवाले भाऊजी

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकली होती, आत माझे धाकटे दीर होते, इन्सुलिनची सुई टोचून झाली होती आणि पोटात अन्नाचा कण नव्हता. अशा वेळी माणूस ओरडतो. आमचे भाऊजी फोनवर टाइप करत होते. भांडणाचा एवढा शौकीन माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा सापडायचा नाही, आणि हे मी पुण्याबद्दल बोलतेय.

तसे मुळात मवाळ. सरकारी कचेरीत हयात गेली, साहेबाला कधी उलट बोलले नाहीत. बायको गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावर माझ्या समोरच्याच फ्लॅटमध्ये एकटे, जेवायला माझ्याकडे. दर रविवारी तळमजल्यावरच्या मास्तरांबरोबर मार्केट यार्डात जायचे. दोघांत मिळून भाजी घ्यायची आणि जिन्यात बसून, एकमेकांना टोमणे मारत वाटून घ्यायची. मग मुलानं मोठा फोन घेऊन दिला. भाऊजी गच्चीत कबुतरांना ज्वारी टाकायचे. मास्तरांना खोकला, त्यांनी गच्चीला जाळी लावा म्हटलं. पूर्वी हे जिन्यातच मिटलं असतं. आता ते सोसायटीच्या ग्रुपवर गेलं. भाऊजींनी काहीतरी खोचक लिहिलं आणि पटापट अंगठे आले. जन्मात या माणसाला कोणी एवढं शाबास म्हटलं नव्हतं. चटकच लागली. मिळमिळीत लिहिलं तर अंगठे कमी, झोंबणारं लिहिलं तर जास्त, हे त्यांना लगेच उमगलं. कबुतरांवरून निघालेलं भांडण दिवाळीपर्यंत देशावर गेलं. मास्तर खोकले तरी ते देशाविरुद्धच खोकतायत असं भाऊजींना वाटायचं. शेवटी 'आपली सोसायटी' हा ग्रुप सोडून त्यांनी 'खरी आपली सोसायटी' काढला. निम्मी बिल्डिंग इकडे, निम्मी तिकडे. मास्तरांचा नंबर ब्लॉक. रविवारची भाजी एकटेच आणू लागले, आणि दोन घरांची मेथी माझ्या एकटीच्या फ्रिजमध्ये सडू लागली.

सकाळी तोंड धुवायच्या आधी चिडून घ्यायचे. फोनलाही त्यांची नाडी सापडली होती. एका व्हिडिओवर चिडले की तसलेच आणखी पुढे यायचे. जावयाला आग्रह करावा तसा तो फोन वाढत राहायचा.

"अहो, एवढा त्रास होतो तर बघता कशाला?"

"वहिनी, माणसानं जागरूक राहायला हवं."

"मग काल गॅस चालू ठेवून फिरायला कोण गेलं होतं?"

यावर त्यांनी पुढचा व्हिडिओ लावला.

त्या दुपारी सुई टोचून म्हणाले, "तुम्ही पोळी टाका, मी आलोच." खाली फलकावर मास्तरांनी जाळीची नोटीस लावली होती. तिचा फोटो ग्रुपवर टाकल्याशिवाय त्यांना घास गेला नसता. फोटो काढून वर येताना लाइट गेले. पोळी गार झाली तशी मी जिन्यात येऊन हाक मारली.

"इकडे, वहिनी!" लिफ्टमधून आवाज आला. "कळवलंय मी ग्रुपवर."

"मग? कोण येतंय?"

"अंगठे आलेत."

"अंगठे कशाला?"

"न वाचताच देतात हो." आवाज बारीक झाला होता. "एकानं वाचलंय. तो म्हणतो, लिफ्ट तिकडच्यांनी बिघडवली, जाहीर निषेध. आता त्यावर चर्चा चाललीय."

"लिफ्टच्या दाराची चावी मास्तरांकडे असते ना?"

आतून म्हणाले, "त्यांना नका सांगू. माझा फोटो काढून तिकडे टाकतील."

"टाकू देत. हार घातलेल्या फोटोपेक्षा बरा."

मी खाली गेले. मास्तर दारात उभे. "त्यांच्या खऱ्या सोसायटीला सांगा की," म्हणाले.

"सुई घेतलीय. जेवले नाहीत."

मास्तर आत वळले. चावी आणि साखरेचा डबा घेऊन, खोकत खोकत माझ्यापुढे जिना चढले. तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं, तर लिफ्ट खाली, वर जेमतेम हातभर फट. मास्तर फरशीवर पालथे झाले आणि मूठ आत घातली.

"घ्या. ज्वारी नाही, साखर आहे."

"हात थरथरतोय माझा."

"मग आ करा. तोंड उघडायची सवय आहे तुम्हाला."

लाइट येईपर्यंत मास्तर तसेच पडून बोलत राहिले. भाऊजी गप्प झाले की विचारायचे, "जागे आहात ना? मटार काय भावानं आणलेत?"

"महागच पडले. घासाघीस तुम्ही करायचात."

लाइट आले, मास्तरांनी दार लावलं, लिफ्ट वर आली. भाऊजी बाहेर आले, मास्तर डबा घेऊन खाली गेले. गळाभेट वगैरे झाली नाही.

संध्याकाळी 'खरी आपली सोसायटी'वर तिकडच्यांच्या नावानं नुसता शिमगा. भाऊजींनी एकच ओळ लिहिली, 'मला मास्तरांनी बाहेर काढलं.' तिला एकही अंगठा आला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाळीवर खरमरीत लिहिलं.

त्या दुपारच्या हकिगती अजून दोन्ही ग्रुपवर फिरतात, दोन वेगवेगळ्या. लिहिणाऱ्यांतलं तिथे कोणीच नव्हतं. लिफ्टमध्ये भाऊजी होते, फरशीवर मास्तर पालथे होते आणि जिन्यात मी उभी होते.