चावीचं घड्याळ

आई गेल्यावर तिच्या वस्तू वाटायच्या म्हणजे फार काही नव्हतंच. पातळं वहिनीनं अकोल्याला नेली. मनगटावरचं घड्याळ माझ्याकडे राहिलं, कारण शेवटची चार वर्षं आई अमरावतीला माझ्याकडेच होती. भातकुलीच्या शाळेत तिला नोकरी लागली त्या वर्षी तिनं ते घेतलं होतं. चावीचं, बारीक, गोल. सोनेरी कडा पार पांढरी पडलेली. दवाखान्यातल्या नर्सनं ते काढून माझ्या हातात दिलं तेव्हा त्यात सव्वाचार वाजले होते. बाहेर तर सकाळ होती. मी ते पर्समध्ये टाकलं आणि फॉर्मवर सही केली.

तेरवी झाली. मी ऑफिसात जायला लागले. लोक विचारपूस करत, मी उत्तरं देई. रडू काही येत नव्हतं. महिनाभरानं पर्समध्ये रुमाल शोधताना घड्याळ हाताला लागलं, म्हणून राजकमल चौकाजवळच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे घेऊन गेले.

त्यानं मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं. झाकण परत बसवलं आणि चिमटीत धरून चावी फिरवली. घड्याळ चालू झालं.

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"याले काहीच नाही झालं, ताई. मशीन एक नंबर हाय. कोनी चावीच नाही देल्ली."

"आई तर रोज घालत होती."

"घालत असन. पन चावी पाहा किती बारीक हाय. म्हातारपनी बोटात जोर राह्यत नाही. लय लोकं बंद घड्याळच घालून राह्यतात."

आईची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. डब्यांची झाकणं, औषधाच्या बाटल्या मी उघडून ठेवायची. घड्याळाचं कधी मनातच आलं नाही. सकाळी माझी धावपळ चाललेली असताना ती विचारायची, "किती वाजले वं?" मी म्हणायची, "हातात तं घड्याळ हाये तुह्या." मग ती मनगटाकडे पाहून गप्प बसायची. मला वाटायचं, तिला उगाच काहीतरी बोलायला हवं असतं.

संध्याकाळी अकोल्याहून दादाचा फोन आला. मी सांगितलं, "आईचं घड्याळ चांगलं हाय. नुसती चावी द्याची होती."

"मंग? दिवाळीत माह्याकडे आली का चहा झाल्यावर रोज हात पुढं करे. मीच देत होतो चावी. तुह्याकडे कोन दे?"

मी टेबलावरचं घड्याळ जवळ ओढलं.

"तुले नाही म्हटलं का तिनं?"

"नाही."

"तुह्या घाईत कशाले, असं वाटलं असन तिले."

फोन ठेवला. आता आपल्याला काहीतरी होईल म्हणून मी खुर्चीत बसून राहिले. काही झालं नाही. कुकर लावायचा होता, तो लावला.

पुढच्या रविवारी अकोल्याला जाऊन घड्याळ दादाला देऊन टाकलं. "तूच ठेव," एवढंच म्हटलं. काहून, असं त्यानं विचारलं नाही. वहिनीनं कढी-भात वाढला. दादा जेवताना त्याच्या पोरीच्या क्लासबद्दल बोलत होता, मी हो हो म्हणत होते. दुपारच्या गाडीनं निघाले, अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरले. ऑटोवाल्यानं कुठं जायचं विचारलं. पत्ता दोनदा सांगावा लागला; पहिल्यांदा आवाजच फुटला नाही.