बाबांच्या घड्याळातले माझे किलोमीटर

माझे बाबा पळतात हे आमच्या घरी येणाऱ्याला चपला काढतानाच कळतं. शारजात, अल नहदामधल्या आमच्या फ्लॅटच्या दाराशी त्यांच्या बुटांचे पाच जोड असतात आणि त्यांचा वास लिफ्टपर्यंत येतो. मीही पळते, पण ते कुणाला कळत नाही. बिल्डिंगच्या जिममध्ये दुपारी बायकांची वेळ असायची, तेव्हा मी ट्रेडमिलवर भिंतीकडे तोंड करून पळायचे. लोकांसमोर पळायची मला लाज वाटायची. म्हणून त्या जुलैत दहा दिवस नॉर्वेला जायचं ठरलं, तेव्हा मी मनात एवढंच ठरवलं होतं, की तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही, तर तिथे उघड्यावर पळायचं.

बाबांचं वेगळं चाललं होतं. त्यांच्या मराठी रनर्सच्या ग्रुपचा एक नियम आहे. जुलैभर रोज पाच किलोमीटर पळायचं आणि घड्याळातले आकडे नाश्त्याच्या आत ग्रुपवर टाकायचे. ज्याचा एक दिवस चुकेल त्याने उन्हाळा ओसरल्यावर ऑक्टोबरमधल्या पहिल्या रनला सगळ्यांना मिसळ खायला घालायची. बाकीच्यांना ती गंमत होती. बाबांचा तीन वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता आणि ग्रुपवर त्यांना कॅप्टन म्हणायचे.

नॉर्वेतल्या पहिल्या दिवशी मी विचारलं, तुमच्याबरोबर येऊ का? ते म्हणाले, माझा पेस बिघडेल, तू आईबरोबर चाल.

तिसऱ्या दिवशी पाच किलोमीटर भरल्यावर परतताना ते पडले. घराजवळच्या ममझर पार्कच्या रबरी ट्रॅकवर पळून पळून, जमीन ओली असू शकते हे ते विसरूनच गेले होते. पावसाने भिजलेल्या लाकडी पुलावर तसेच सुसाट गेले आणि घोटा मुरगळून घेतला. मग आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत बामचा वास भरून राहिला. हीटरवर मोजे वाळत होते, त्यांचा वास त्यात मिसळत होता. खिडकी उघडायची नाही, बाबांना गार वारा लागतो. बाहेर सगळं धुतल्यासारखं स्वच्छ, आणि आत आम्ही.

चौथ्या दिवशी सकाळी बाबांनी उशीवर पाय ठेवून मला हाक मारली.

"बाळा, तू जिममध्ये पळतेस ना?"

त्यांना माहीत होतं तर. मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्यापुढे धरलं.

"But that's cheating, बाबा."

"काही चीटिंग नाही. घरातल्याच माणसाचे पाय आहेत."

आई पोहे ढवळत होती. तिने मान वर केली नाही.

पट्टा अजून कोमट होता, आतून बुळबुळीत. तो मनगटावर आवळला तेव्हा मला शिसारी आली. तरी मी गेले, कारण मला पळायचं होतं. तळ्याकाठची वाट, एवढा गारवा की श्वास दातांना लागत होता, आणि समोरून येणारी माणसं माझ्याकडे बघतही नव्हती. आयुष्यात इतकी छान मी कधी पळाले नव्हते. फक्त दर किलोमीटरला मनगटावरचं घड्याळ थरथरायचं, आणि तो किलोमीटर बाबांचा व्हायचा.

ग्रुपवर धमाल उडाली. कॅप्टन, हवा मानवली की. वय उलटं चाललंय वाटतं. बाबा एकेक मेसेज मोठ्याने वाचत होते. त्यांनी खाली लिहिलं, 'थंडीत इंजिन बरं चालतं.' लिहिताना ते लाजले. खरंच लाजले, स्वतः पळून आल्यासारखे. मी ताटातले पोहे तसेच ठेवले.

दुसऱ्या दिवशी घड्याळ देताना ते म्हणाले, "आज जरा हळू पळ. इतका पेस दिसला तर लोकांना संशय येईल."

आणि मी हळू पळाले. दर मिनिटाला आकडा बघत, बावन्न वर्षांच्या माणसाच्या वेगाने. माझ्याजवळ खरंच माझं असं ते एकच होतं, आणि तेही मी त्यांच्या मापाचं करून दिलं. त्या दिवशी मला बाबांपेक्षा स्वतःचीच जास्त किळस आली.

सहाव्या दिवशी मी घड्याळाला हात लावला नाही. "आज मी माझी पळणार आहे," एवढंच म्हणाले. बाबांनी आईकडे बघितलं. मी तळ्याच्या पलीकडच्या टोकापर्यंत गेले. किती अंतर, किती वेळ, कशाचीच नोंद नव्हती. वाटेत एकदा मी मोठ्याने हसलेसुद्धा.

परत आले तर इमारतीमागच्या पार्किंगमध्ये आई होती. पंजाबी ड्रेसवर बाबांचं जाकीट, मनगटावर त्यांचं घड्याळ. गाड्यांभोवती ती धावल्यासारखं करत चालत होती, ओढणी एका हाताने छातीशी धरून. चेहरा लाल झाला होता. एक बाई गाडीत बसता बसता थांबून तिच्याकडे बघत होती.

"आई, हे काय?"

"तू गेलीस ना," ती धापा टाकत म्हणाली. "तीन झालेत. दोनच राहिलेत, तू जा वर."

तिच्या आवाजात रागही नव्हता. असता तर मी वर गेले असते.

मी तिच्या मनगटावरचं घड्याळ सोडवलं, माझ्या मनगटावर बांधलं आणि उरलेले दोन किलोमीटर त्याच पार्किंगमध्ये पळाले. हळू, सांगितल्याप्रमाणे. आई पायरीवर बसून बघत राहिली.

ग्रुपवर कुणीतरी विचारलं, कॅप्टन, आज एवढं स्लो? बाबांनी उत्तर टाइप केलं आणि आम्हाला वाचून दाखवलं, 'आज मिसेसबरोबर निसर्ग बघत बघत पळालो.'

आई हसली. मनापासून, कौतुकाने. बाबांच्या उत्तरापेक्षा ते हसूच मला जास्त असह्य झालं.