भरतीचं आवतण

"बगल्याला मांडवात आनू नको, नीराबाय. मिठाचा सायेब समोर बसनार हाय."

"मंग भरतीला आवतन कोन नेल, पाटील?"

कोंडाजी पाटलाच्या लेकीचं, ठमीचं, लग्न उद्यावर आलेलं, आणि खारपट्टीत लग्न लावायचं ते धवळारणीनं. तिनं धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय हळदसुद्धा लागत नाही. मिठागरात पाट्या वाहणाऱ्या नीराबाईला अक्षर येत नव्हतं, पण वीस वर्षं धवळे तिच्याच तोंडचे. तिच्या धवळ्यात खाडीकाठचं तिवराचं झाड खेकड्याला बोलावतं, खेकडा बगळ्याला, बगळा भरतीला. भरती आली की नवरानवरीवर पाणी शिंपायचं. मधली एक कडी गाळली की लग्न अडलं.

हा बगळा तिनं मिठाच्या सत्याग्रहाच्या साली रचला. डोक्यावर सरकारी टोपी, एका पायावर उभा, आणि चिखलातल्या निवटी मासळीला दरडावतो, अंगाला मीठ लागलंय, परवाना कुठाय? बाया हसून लोळल्या. गाणं बारा गावं फिरलं. मग तेच गात तिचा मुलगा अनंता मीठ उचलायला गेला आणि शिपायाच्या लाठीनं गुडघा मोडून घेऊन आला. तेव्हापासून तिला त्या हसण्याचा राग यायचा.

दोन वर्षं घरी बसलेल्या पोराला पाटलानंच रदबदली करून मिठागराच्या उघाडीवर ठेवलं होतं. फळी उचलायची, भरतीचं पाणी आत घ्यायचं. साहेबाच्या मनात आलं तर तेवढंही जायचं. पाटलानं हे बोलून दाखवलं नाही; तेवढी लाज त्याला होती.

दुसऱ्या दिवशी मांडवात मीठखात्याचा साहेब खुर्चीत बसला. नीराबाईनं तिवर बोलावला, खेकडा बोलावला आणि थांबली. बाया पदर तोंडाला लावून बगळ्याची वाट बघत होत्या. तिनं डोळे मिटले.

"बगला नाय आला, नाय कोनी धारला,
लंगरा खेकरा भरतीला गेला.
तंगरी कोनी मोरली, इचारू नका,
हलू हलू येतो, हासू नका."

साहेबाला गंमत वाटली. तो खदखदून हसला. आणखी कोणीच हसलं नाही. पाटलानं खाली बघतच शिंपायच्या पाण्याचा तांब्या पुढं केला.

सकाळी उघाडीपाशी अनंता म्हणाला, "आये, माजा पाय गान्यात कशाला घातलास?"

"भरतीला दुसरा कोनी जायाला तयार नवता."

अनंतानं वाकून फळी उचलली. नीराबाईनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि मिठाची पहिली पाटी उचलली.