इनासचा रेडिओ आणि आमचं भांडण

वसईहून इनासच्या बायकोचा, मेरीवहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानात गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होतो. "हनीफभाई, इनास गेला," त्या म्हणाल्या. मी शटर ओढून बसून राहिलो... आमचं एक भांडण अजून मिटायचं होतं.

इनास इथे कतारला, दोह्यात हॉस्पिटलमध्ये क्लार्क होता, निवृत्त होईपर्यंत अल सद्द भागात आमच्या शेजारीच राहिला. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधला मिस्सा आटोपला की बाल्कनीत छोटा रेडिओ लावून बसायचा. संकटातली विमानं ज्या फ्रिक्वेन्सीवर हाक मारतात, ती ऐकायचा त्याला छंद. तासन्‌तास नुसती खरखर. चुकून एखादा पायलट तिथे गप्पा मारू लागला, की बाकीचे त्याला झापत. मी विचारायचो, "यातून मिळतं काय तुला?"

"कोणी हाक मारली नाही, हे मिळतं. तुला नाही कळायचं, शेठ. तू कबरीच्या जागेचाही भाव करशील."

एकदा माझी बायको रझिया आणि लहानगी सना मुंबईहून येत होत्या. मी एअरपोर्टला निघालो, तर इनास दारात. "बस रे, फ्लाइट लेट आहे," म्हणत त्याने मला जुन्या एसीच्या किमतीवरून वादात ओढलं. मीही पेटलो. तो मधूनमधून घरी जाऊन येई. शेवटी म्हणाला, "खलास, उतरलं. जा आता." विमानाची चाकं उघडत नव्हती, हे मला नंतर रझियाकडून कळलं. इनासने मात्र रेडिओवर सगळं ऐकलं होतं.

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?" त्याने विचारलं.

"दुआ केली असती," मी ओरडलो. बोलणं पुढे चालू राहिलं, राग गेला नाही.

वहिनींनी रेडिओ माझ्याकडे पाठवला. निरोप होता, "याचा भाव करू नका."

गेल्या आठवड्यात सना कॉलेजसाठी मुंबईला निघाली. मी रेडिओ लावला... आणि तिच्याच फ्लाइटचा नंबर ऐकू आला. इंजिनात बिघाड, विमान परत फिरतंय. किचनमध्ये रझिया फोडणी देत गुणगुणत होती. तिला अजून थोडा वेळ तसंच गुणगुणू द्यावंसं मलाही वाटलं... मग मी गॅस बंद केला आणि तिला सांगितलं. ती शेजारी येऊन बसली. विमान टेकेपर्यंत तिचे ओठ हलत होते.

थोड्या वेळाने सनाचा फोन आला. "पप्पा, वी आर बॅक इन दोहा. मम्मीला सांगू नका, शी विल पॅनिक."

मी फोन रझियाच्या हातात दिला.