पुढे लावलेलं घड्याळ

माझ्या मोठ्या भावाला सगळे ‘सावकाश’ म्हणतात. खरं नाव बँकेच्या कागदांवर आहे, तिथेच राहू दे. गाड्यांच्या बॅटऱ्या बदलणं हा त्याचा धंदा. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी याच्या तोंडून पहिला शब्द निघणार तो “सावकाश”. मी त्याची धाकटी बहीण. दुकानात फोन घेते आणि लोकांची बोलणी खाते. खरं तर ती त्याने खायला हवीत, पण हा या कानाने ऐकतो आणि त्या कानाने सोडून देतो.

बॅटरीच्या कामात घाई नको हे मलाही मान्य आहे. आधी बोटातली अंगठी खिशात जाते. घड्याळ तो मनगटावर कधी घालतच नाही, कारण त्याचा पट्टा चुकून बॅटरीच्या टोकाला टेकला तर कातडी भाजते. मग आधी काळी वायर सोडायची, नंतर लाल. बसवताना उलट. एवढं कोणीही करतं. दादा त्याही आधी गाडीच्या वायरींना एक छोटी बॅटरी जोडून ठेवतो. त्यामुळे वीज क्षणभरही तुटत नाही, आणि गाडीतलं घड्याळ, रेडिओची स्टेशनं, सगळं जिथल्या तिथे राहतं. मात्र तेवढा वेळ सोडलेली लाल वायरही जिवंत असते. ती पत्र्याला टेकली की ठिणगी उडते आणि छोट्या बॅटरीचा फ्यूज जातो. म्हणून तिच्या टोकावर तो जुना रबरी हातमोजा चढवतो. शेजारचा टायरवाला हसायचा की घड्याळ परत लावायला असा किती वेळ लागतो, एवढे लाड कशाला. दादाचं म्हणणं एकच होतं, लोकांची गाडी आली तशी परत गेली पाहिजे.

वहिनी त्याच्या अगदी उलट. तिच्या पायाला भिंगरी. रस्त्यात गाडी बंद पडल्याचा कुणाचा फोन आला की आमची गाडी वहिनी चालवायची आणि दादा शेजारी हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन बसायचा. आम्हा नणंद-भावजयीचं पटायचं कमी आणि वाजायचं जास्त. एका गोष्टीवर मात्र आमचं एकमत होतं. हा माणूस स्वतःच्या लग्नालासुद्धा उशिरा पोचला होता. म्हणून एक दिवस वहिनीने गाडीतलं घड्याळ पुढे लावून टाकलं. किती पुढे, ते मलाही सांगितलं नाही. दादाने विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मोजायचं नाही हं. मोजलंत की तेवढी मिनिटं वजा करून निवांत बसाल.”

आणि त्याने मोजलं नाही. दुकानाच्या भिंतीवर घड्याळ आहे, माझ्या हातात फोन आहे, पण शब्द दिला म्हणजे दिला. त्या गाडीत बसला की घड्याळाकडे बघून त्याची धांदल उडायची. नवऱ्याला धावताना बघून वहिनी गालातल्या गालात हसायची. आम्ही सगळीकडे वेळेवर पोचायला लागलो.

मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि वहिनी गेली. बाहेरची कामं दादाने बंद केली. गाडी दुकानामागच्या अंगणात उभी राहिली. दुकान बंद केलं की तो तिच्यात जाऊन बसायचा, चालकाशेजारच्या आपल्या नेहमीच्या जागेवरच, आणि त्या घड्याळाकडे बघत राहायचा. मला ते बघवत नसे, म्हणून मी ओरडायचे.

गाडी नुसती उभी राहिली की बॅटरी मरते, हे तो गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगतो. स्वतःच्या गाडीची बॅटरी मात्र चार्जर लावून लावून जगवत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. शेवटी ती दोन्ही बाजूंनी फुगली आणि अंगणात सडक्या अंड्यांसारखा वास यायला लागला. गिऱ्हाइकाची असती तर त्याने ती तिथल्या तिथे काढली असती. मी म्हटलं, उद्या ही तोंडावर फुटली तर मी काय करू? छोटी बॅटरी जोडणारच आहेस ना, मग घाबरतोस कशाला?

तो म्हणाला, “लोकांचं घड्याळ बंद पडलं तर परत लावता येतं. हे नाही लावता येणार.”

शेवटी एका सकाळी तो तयार झाला. मला त्याने वहिनीच्या जागेवर बसवलं. नजर घड्याळावरून हलवायची नाही, अशी ताकीद दिली. छोटी बॅटरी जोडली. काळी वायर सोडली, लाल सोडली, हातमोजा चढवला. फुगलेली बॅटरी हलवून हलवून बाहेर काढली. घड्याळ चालू होतं. मी तसं ओरडून सांगितलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

आता फक्त नवी बॅटरी आत ठेवायची होती. पण लाल वायरीच्या टोकावर पांढरी भुकटी साचली होती. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर त्याने फडकं फिरवून काम उरकलं असतं. इथे त्याने हातमोजा काढला. कोमट पाण्याचं फडकं फिरवलं, कोरडं फिरवलं, मग तारेचा ब्रश घेतला. मी म्हटलं, “दादा, पुरे.” तो म्हणाला, “तिच्या गाडीला घाण ठेवू?” आणि घासत राहिला. घासता घासता ब्रशच्या तारा खालच्या पत्र्याला टेकल्या.

बारीकसा चट् असा आवाज झाला. माझ्यासमोरचे आकडे विझले. अति तिथे माती, हे मी त्यालाच ऐकवत आले होते. त्या दिवशी मी नुसतं दारातून डोकं बाहेर काढलं. मला काही सांगावंच लागलं नाही, माझ्याकडे बघूनच त्याला कळलं.

त्याने काम अर्धवट टाकलं नाही. नवी बॅटरी ठेवली, लाल आधी, काळी शेवटी, नट आवळले. घड्याळात नुसती शून्यं लुकलुकायला लागली. मग तो हात पुसून माझ्या शेजारी येऊन बसला.

“तुला सांगितलं असेल तिने,” तो म्हणाला. “बायका बायका बोलता.”

मला ठाऊक नव्हतं. मीही कधी ताडून पाहिलं नव्हतं, आणि विझताना त्यात किती वाजले होते तेही माझ्या डोक्यातून उडून गेलं होतं. तरी त्याचा चेहरा बघून मी ठोकून दिलं, “सात मिनिटं.”

त्याने भिंतीवरचं घड्याळ बघून यायला सांगितलं. मी वेळ सांगितली. त्याने घड्याळाच्या बटणाकडे बोट नेलं आणि तसंच हवेत धरून ठेवलं.

“सात असो नाहीतर सतरा,” तो म्हणाला. “आता मला कळलंय. आता मी वजा करणार.”

मला रडू कोसळलं. तो बोट मागे घेऊन बसून राहिला.

नवी बॅटरी दणकट आहे, गाडी एका किल्लीत सुरू होते. घड्याळ कोणी लावलेलं नाही. दादा परत सगळीकडे उशिरा पोचतो, आणि आता त्याला कोणी काही म्हणत नाही. मीसुद्धा नाही.